पांढऱ्या उइरोच्या बाजूने

सुट्टी संपली हे आमच्या रत्नागिरीच्या घरात पिशवीवरून कळायचं. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईला परत निघालेल्या काकाच्या पिशवीत आजी कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी, आंब्याची साठं असं एकेक भरत राहायची, आणि प्रत्येक पुडी ठेवताना ती कोणाची हेही सांगायची. ही शेजारच्या वहिनींची, ही तुझ्या हापिसातल्या साहेबांची, ही मोठी धाकटीच्या सासरी द्यायची, वाटेत उघडायची नाही. काकाच्या स्वतःच्या वाट्याला त्यातलं थोडंच यायचं. बाकी पिशवी तो नुसती पोचवायचा.

नागोयात राहायला आल्यावर पहिल्याच जानेवारीत ती पिशवी मला पुन्हा भेटली. जपानमधली बहुतेक कार्यालयं २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात. ४ तारखेला नवरा कामावरून आला तो खिशातून लहान लहान पुड्या काढत. होक्काइदोला जाऊन आलेल्याने दिलेलं लोण्याचं बिस्किट, क्यूशूला आईकडे राहून आलेल्याने दिलेला सारणाचा मांजू, आणखी कुठला तांदळाचा कुरकुरीत सेंबेई. प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळलेली आणि प्रत्येकीवर गावाचं नाव. परत आलेला माणूस खोका उघडून साऱ्यांच्या टेबलांवर एकेक ठेवत जातो, आणि देताना म्हणतो की अगदी क्षुल्लक वस्तू आहे. आपणही डबा पुढे करताना 'काही विशेष नाही हो, जरासा खाऊ आहे' असंच म्हणतो.

याला इथे ओमियागे म्हणतात. लिहिताना दोन चिन्हं काढतात, एक मातीचं आणि दुसरं उपजेचं. जिथे गेलात तिथल्या मातीतून जे उपजलं ते आणा, एवढा साधा त्याचा अर्थ. एदो काळात इसेच्या देवस्थानाला जाणं सगळ्यांना परवडायचं नाही. मग गावकरी वर्गणी काढायचे, चिठ्ठ्या टाकायचे आणि ज्यांचं नाव निघेल त्यांना सर्वांच्या वतीने पाठवायचे. परत येणाऱ्याने वर्गणीदारांसाठी काहीतरी आणायचं हे ओघानेच आलं. काशीला जाऊन आलेल्याने गंगेचा गडू आणावा, मावंदं घालावं, ही आपली रीत ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. जाणारा एकटा जातो, पण यात्रा साऱ्या गावाची असते.

तर मग नागोयाहून निघणाऱ्याने काय न्यावं? हा प्रश्न इथे विचारला की नागोयाकरही थोडे संकोचतात. २०१६ साली खुद्द नागोया महापालिकेनेच आठ मोठ्या शहरांबद्दल लोकांची मतं घेतली, तेव्हा आकर्षणाच्या बाबतीत नागोया सर्वांत शेवटी आलं. तोक्योला जाताना आणि ओसाकाला जाताना वाटेत लागणारं, मोटारी बनवणारं शहर, अशीच त्याची ओळख. आणि या शहराची खूण म्हणून जो पदार्थ शंभर वर्षं पुढे केला जातो, तो उइरो, त्याच्याबद्दल तर मी कित्येक जपानी माणसांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं आहे: 'त्याला चवच नसते.'

मला हे मान्य नाही. उइरोला चव आहे, आणि ती ओळखायला कोकणात वाढलेली जीभ फार उपयोगी पडते.

उइरो म्हणजे तांदळाचं पीठ, साखर आणि पाणी, एकत्र करून वाफवलेलं. यात नारळ नाही, वेलची नाही, तुपाचा थेंब नाही, सारण नाही. जाडसर लांबट वडी असते, रंगीत खोक्यात, पारदर्शक वेष्टणात घट्ट बसलेली. पांढरा, काळ्या साखरेचा, माच्चा चहाचा, अझुकी डाळीचा, साकुरा फुलाचा असे प्रकार मिळतात. परीक्षा घ्यायची तर पांढऱ्याची घ्यावी. वेष्टण सोडवलं की वडी हातात थंड आणि जड लागते. रंग दुधाचा नाही. मोदकाची पारी वाफेतून बाहेर आल्यावर जशी किंचित पारदर्शक होते, आतलं सारण कुठे आहे हे बाहेरून उमगतं, तो पांढरा. सुरी ओली करून बोटाच्या पेराएवढा जाड काप करावा. पातळ काप हा या पदार्थावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे. त्यात चावायला काही उरतच नाही.

पहिला घास घेतला की क्षणभर काहीच होत नाही. 'चव नाही' म्हणणारे इथेच थांबतात. दात आत रुततात, वडी थोडी अडते, मग स्वच्छ तुटते, मोचीसारखी ताणली जात नाही. साखर जिभेवर धावून येत नाही. दोनतीनदा चावल्यावर आधी तांदळाचा वास येतो, कच्च्या पिठाचा नव्हे, शिजलेल्या तांदळाचा; पेज उतरवताना येतो तो. आणि मग गोडी वाढत जाते. भात बराच वेळ चावला की लाळेमुळे पिठाची साखर होते आणि तो गोड लागतो, हे आपण शाळेत शिकतो. उइरोचं सगळं सौंदर्य त्या धड्यात आहे. त्यातली थोडी गोडी कारागिराने घातलेली असते, उरलेली खाणाऱ्याने आपल्या तोंडात तयार करायची असते. घाईने गिळणाऱ्याला ती मिळणार कशी?

ज्याने नागपंचमीला हळदीच्या पानातली पातोळी खाल्ली आहे, शिरवाळ्यांचा घास नारळाच्या रसात बुडवण्याआधी एकदा कोराच तोंडात टाकून पाहिला आहे, त्याला ही चव परकी वाटू नये. आई मोदक वळताना मुटकी करायची. उरलेल्या उकडीचा तो लहानसा, बिनसारणाचा गोळा. आम्ही भावंडं मोदकांच्या आधी त्या मुटक्यांवर तुटून पडायचो. उकड नीट झाली आहे का, तांदूळ जुना होता की नवा, मीठ पडलं आहे की नाही, हे सगळं मुटकीत कळतं. सारण झाकून घ्यायला नसतं. पांढरा उइरो म्हणजे साखर घातलेली मुटकीच. म्हणून बाकीचे प्रकार चांगले असूनही मी पांढऱ्याकडे वळते. काळ्या साखरेच्या उइरोला काकवीची आठवण करून देणारा खोल स्वाद आहे, तो मला मनापासून आवडतो. माच्चाचा मात्र चहाच्या कडूपणाखाली तांदूळ दिसेनासा करतो, आणि साकुऱ्याचं पहिलं सुख डोळ्यांना.

त्याच्या नावाची गोष्ट वेगळीच आहे. चीनमधलं युआन घराणं कोसळल्यावर तिथला एक अधिकारी जपानला आला. त्याच्या पदाच्या नावातली दोन चिन्हं जपानीत 'उइरो' अशी उच्चारली जातात. त्याच्या वंशजांनी केलेल्या औषधाला ते नाव मिळालं, आणि पुढे मिठाईलाही. कुणी सांगतात, औषधाच्या कडवटपणावर म्हणून ही वडी देत; कुणी म्हणतात, काळी वडी औषधासारखी दिसायची. ओदावारा गावात त्या घराण्याचं दुकान आजही आहे आणि तिथे औषध आणि मिठाई दोन्ही एकाच नावाने मिळतात. १७१८ साली काबुकीच्या रंगमंचावर हे औषध विकणाऱ्याचं एक लांबलचक, जीभ अडखळवणारं भाषण आलं. जपानी निवेदक आणि नट अजून त्यावर उच्चारांचा सराव करतात.

मग तो नागोयाचा कसा झाला? उइरो जपानात इतरत्रही होतो. यामागुचीत तो तांदळाऐवजी वाराबीच्या, म्हणजे एका नेच्याच्या मुळातल्या, पिठाचा करतात. नागोयात मोचिबुन हे दुकान १६५९ पासून आहे. पण उइरोला नागोयाचं नाव चिकटलं ते आगगाडीमुळे. १८७९ साली सुरू झालेल्या आओयागी या दुकानाने १९३१ पासून नागोया स्टेशनाच्या फलाटावर उइरो विकायला घेतला. १९६४ साली तोक्यो आणि ओसाका यांच्यामधली शिंकान्सेन धावू लागली आणि उइरो गाडीत फिरू लागला. त्याच दशकाच्या अखेरीस पीठ वेष्टणात भरून, बंद करून मगच वाफवण्याची युक्ती निघाली. एरवी वाफवलेला तांदूळ किती टिकणार? त्या वेष्टणामुळे दोन दिवसांचा पदार्थ लांबच्या गावाला पोचू लागला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण त्यात चवीला धक्का लागला नाही. टिकाऊपणासाठी त्यांनी साखर वाढवली नाही की तळण काढलं नाही. पदार्थ होता तसाच राखला आणि प्रवासाची सोय वेष्टणावर सोपवली.

आओयागी म्हणजे हिरवं विलो झाड. हे नाव त्यांना नागोयाच्या ओवारी संस्थानाचे माजी अधिपती तोकुगावा योशिकात्सु यांच्याकडून मिळालं. दुकानाच्या चिन्हात विलोच्या फांदीकडे झेप घेणारा बेडूक आहे. दहाव्या शतकातला सुलेखनकार ओनो नो तोफू निराश होऊन बसला असताना पुन्हा पुन्हा उडी मारून अखेर फांदी गाठणारा बेडूक त्याला दिसला, अशी कथा आहे. याच दुकानाचा बेडकाच्या तोंडाचा एक छोटा मांजूही असतो. जपानीत बेडूक म्हणजे काएरु, आणि घरी परतणं म्हणजेही काएरु. सुट्टीवरून परतणाऱ्याच्या हातात शोभेल असा दुसरा आकार मला सुचत नाही. चव साधी आहे, भाजलेल्या सालीत बारीक वाटलेल्या डाळीचं सारण. पण परतण्याचा शब्दच खाऊ म्हणून वाटायचा, ही कल्पना खरी गोड आहे.

नागोया स्टेशनाच्या भागाला इथले लोक लाडाने मेइएकी म्हणतात. तिथल्या दुकानांत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सोन्याच्या रंगाचे डबे रचलेले असतात. नागोयाच्या किल्ल्यावर सोन्याने मढवलेल्या दोन शाचि आहेत, वाघाचं डोकं आणि माशाचं अंग असलेल्या. त्या सोन्याची आठवण म्हणून 'युकारी' या कोळंबीच्या सेंबेईचा हा सोनेरी डबा फक्त नागोयाकडे मिळतो. युकारी करणारं बानकाकु हे घर चिता द्वीपकल्पातलं, १८८९ सालचं. हा सेंबेई त्यांनी १९६६ मध्ये काढला. एका चकतीत साधारण सात कोळंब्यांचा ऐवज असतो. इथे मी वर्णन फार करणार नाही, कारण कोकणातल्या वाचकाला एक वाक्य पुरेल: डबा उघडला की तव्यावर भाजलेल्या सोड्यांचा वास येतो. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी डबा तसाच धरून थोडा वेळ उभी राहिले. रत्नागिरीपासून इतक्या लांब आजीच्या चुलीपाशी पोचवणारी दुसरी वस्तू मला अजून सापडलेली नाही. युकारी या शब्दाचा अर्थ नातं, लागाबांधा. नावं ठेवावीत ती अशी.

सगळंच काही इतकं मनापासून केलेलं नसतं, हेही सांगायला हवं. शहरात जे जे प्रसिद्ध, त्या प्रत्येकाच्या स्वादाची बिस्किटं आणि चिप्स मिळतात; भाजलेल्या पावावर लोणी आणि गोड अझुकी घालून खायचा इथला नाश्ता, कोंबडीच्या पंखांचा तिखट मसाला, लाल मिसो, सगळ्यांच्या पावडरी. मुलं खुश होतात, पण त्यात मातीही नाही आणि उपजही नाही. खरा लाल मिसो हवा असेल तर ओकाझाकीला जावं, जिथे सोयाबीन आणि मीठ लाकडी पिंपात भरून वर तीन टन दगड रचतात आणि दोन उन्हाळे, दोन हिवाळे वाट पाहतात. मोरिगुची मुळ्याचं लोणचंही तसंच. मीटरभराहून लांब, करंगळीसारखा बारीक मुळा साकेच्या चोथ्यात दोनतीन वर्षं मुरवलेला. गुंडाळी सोडवत खातात. चवीला उग्र, गोड आणि दारूचा वास असलेला. सर्वांना रुचेल असं नाही. आपल्या 'मुरलं' या शब्दाला जपानी प्रतिशब्द शोधायचा झाला तर मी या लोणच्याची चकती पुढे करीन.

मकरसंक्रांतीला आम्ही शेजारच्या आजींना तिळगूळ देतो. पहिल्या वर्षी त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि चार दिवसांनी धुऊन, पुसून परत आणला, आत पातळ कागदात पीळ देऊन बांधलेल्या दहाबारा लहान पुड्या घालून. रिकामा डबा परत देऊ नये हे इथेही पाळतात. त्या पुड्या 'फुतारी शिझुका' होत्या, १६३४ पासून चालत आलेल्या र्‍योगुचिया कोरेकियो या घराच्या. वासान्बोन ही शिकोकूमधली अतिशय बारीक, हलकी साखर साच्यात दाबून अर्धगोल करायचे, एक पांढरा आणि एक फिका गुलाबी, आणि दोन्ही जोडून एक गोळी. नाव एका रानफुलाचं आहे, ज्याला दोन तुरे शेजारी शेजारी येतात. जिभेवर ठेवली की गोळी आधी दोन होते, मग राहतच नाही. आपला हलवा काटा फुलवत बाहेर वाढतो. ही साखर आत मिटते. पण दोन्ही गोष्टी साखरेत वेळ ओतून केलेल्या, आणि दोन्ही द्यायच्याच, एकट्याने खायच्या नव्हेत.

भेटवस्तू कितीही सुंदर बांधली तरी काही पदार्थ प्रवासाला निघतच नाहीत. त्यासाठी काकुओझानला जावं लागतं. दर महिन्याच्या २१ तारखेला तिथे नित्ताइजी मंदिराच्या रस्त्यावर जत्रा भरते. या मंदिरात बुद्धाचे अवशेष आहेत, आणि ते आले आहेत आपल्याकडून. १८९८ साली उत्तर प्रदेशातल्या पिपरहवा इथल्या स्तूपात ते सापडले, ब्रिटिश सरकारने सयामच्या राजाला दिले, आणि १९०० साली राजा चुलालाँगकोर्नने त्यातला भाग जपानला दिला. त्यांच्यासाठी १९०४ साली हे मंदिर उभं राहिलं. ते एका पंथाचं नाही, वेगवेगळे पंथ आळीपाळीने त्याची जबाबदारी घेतात. काकुओ म्हणजे जागृतांचा राजा. मिळालेली भेट वाटून पुढे द्यायची, याचं इतकं मोठं उदाहरण या शहराच्या पोटात आहे आणि त्या रस्त्यावर मी ओनिमांजू खाते.

ओनि म्हणजे राक्षस. गव्हाचं पीठ आणि साखर यांत रताळ्याचे चौकोनी तुकडे घालून वाफवलेला हा गोळा खडबडीत दिसतो, राक्षसाच्या गदेसारखा, म्हणून हे नाव. टंचाईच्या काळात पोट भरणारा म्हणून तो घरोघर झाला. काकुओझानच्या बाइकादो दुकानातला ओनिमांजू मला सर्वांत आवडतो, कारण त्यात पीठ केवळ रताळ्यांना धरून ठेवण्यापुरतं असतं. गरम कागदातून हाताला चटका बसतो. एकादशीला उकडलेलं रताळं ज्यांनी मीठ न लावता खाल्लं आहे त्यांना त्यातला मातकट गोडवा ओळखू येईल. दुसऱ्या दिवशी तो ओनिमांजू राहत नाही, नुसता पिठाचा गोळा होतो. तो कुणालाही पाठवता येत नाही, आणि म्हणून मी नागोयात आहे याचा मला विशेष आनंद होतो.

फेब्रुवारीत मी मिनोचूच्या दुकानात जाते. १८५४ सालचं हे दुकान. तिथे 'हात्सुकात्सुओ' नावाची वडी फेब्रुवारीत येते आणि मेअखेर जाते. नाव उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या पहिल्या कात्सुओ माशाचं, पण मासा त्यात नाही. कुझूच्या कंदाचं सत्त्व घालून वाफवलेली, फिक्या गुलाबी रंगाची वडी. सोबत दोरा दिलेला असतो. सुरी वापरायची नाही. दोरा वडीभोवती घालून दोन्ही टोकं ओढायची. सुरीने कापलं तर कड गुळगुळीत येते. दोऱ्याने कापलं की कडेवर बारीक लाटा उमटतात, हुबेहूब ताज्या माशाच्या मांसाच्या रेघा. शेवटचा हात कारागिराने खाणाऱ्यासाठी राखून ठेवला आहे. उइरोत अर्धी गोडी आपल्या तोंडात तयार होते, इथे अर्धं चित्र आपल्या हातात. या शहराच्या चांगल्या मिठाया खाणाऱ्यावर एवढा विश्वास टाकतात.

गेल्या मेमध्ये रत्नागिरीला जाताना मी सोनेरी डबा नेला, फुतारी शिझुका नेल्या आणि पांढरे उइरो नेले. सोनेरी डबा पहिल्या संध्याकाळी संपला. उइरोचा काप आईने तोंडात धरला, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'तांदूळ नवा आहे गं यांचा.'

नागोयाहून कुणी येणार असेल तर त्यांना पांढराच उइरो आणायला सांगा. फ्रीजमध्ये ठेवू नका, शिळ्या भातासारखा ताठरतो. ताठरलाच तर थोडी वाफ द्या. सुरी ओली करा, काप जाड ठेवा, सोबत बिनसाखरेचा कोरा चहा घ्या आणि पहिला घास लवकर गिळू नका.